रात्री दोन वाजता फोन कुणाला? जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवताना : एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
तसेच नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मा. अधिष्ठाता आणि त्या त्या जिल्ह्यांचे मा. जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : जिल्हा रुग्णालयाचे हस्तांतरण करताना वॉर्ड, औषधभांडार आणि कार्यालय यांत करावयाच्या तयारीबाबत

महोदय,

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. गोंदिया आणि नंदुरबार त्याआधीची, केंद्राच्या योजनेतून आलेली. जिल्ह्याच्या ठिकाणी वाट बहुतेक एकच असते : महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय उभे राहीपर्यंत जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल, त्याला जोडायचे. काल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली चालणारे रुग्णालय उद्या अधिष्ठात्यांकडे जाते. इमारत तीच, रुग्ण तेच, बहुतांश माणसेही तीच. हुकूम कुणाचा, एवढेच बदलते.

महाविद्यालय हवे की नको, हा या पत्राचा विषय नाही. हवेच आहे. सोपवासोपवी कशी करायची, एवढ्यापुरतेच आम्ही लिहीत आहोत.

सिव्हिलमध्ये ‘चार्ज देणे’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. चार्ज देताना खाटा मोजतात, गाद्या मोजतात, डेडस्टॉक रजिस्टरवर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. बेडपॅनसुद्धा सुटत नाही. पण रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे, याचा चार्ज कुणी कुणाला देत नाही. हस्तांतरण फसते ते तिथे. म्हणून आमची मागणी एकच : तारीख जाहीर करण्याआधी प्रत्येक वॉर्डाचा रात्रीचा फोन कुणाकडे जाणार, हे लिहून काढा आणि तपासा. ते जमेपर्यंत तारीख पुढे ढकला. बाकी सगळे या एका कामातून ओघाने येते.

हा कागद दिसायला साधा असतो. प्रत्येक वॉर्डासाठी एक पान. पाच रकाने : प्रसंग, पहिला फोन, तो लागला नाही तर दुसरा, किती मिनिटे वाट पाहायची आणि निर्णय घेण्याचा अधिकार कुणाचा. प्रसंग साधारण अठरा-वीस निघतात. रक्त हवे आहे आणि रक्तकेंद्रात तो गट नाही. ऑक्सिजनचा दाब उतरतोय. वीज गेली, जनरेटर घेत नाही. एसएनसीयूमधल्या (आजारी नवजात बाळांच्या कक्षातल्या) वॉर्मरमधून जळका वास येतोय. व्हेंटिलेटरची खाट नाही, रुग्ण पुढे पाठवायचा आहे. एमएलसीचा (पोलीस केसचा) रुग्ण दगावला, पोलीस आले नाहीत. नातेवाईक अंगावर धावून आले. सर्पदंशाची लस संपत आली. जबाब नोंदवायचा आहे आणि रुग्ण शुद्धीवर आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर हवा आहे. बेवारस मृतदेह.

जुन्या व्यवस्थेत या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सिस्टरच्या डोक्यात असते. आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक), जनरेटरवाला, सगळ्यांचे नंबर पाठ. ही माहिती कुठल्याही फायलीत नसते, म्हणून हस्तांतरणाच्या यादीतही येत नाही. नव्या व्यवस्थेत अधिष्ठाता आले, वैद्यकीय अधीक्षक आले, विभागप्रमुख आले. पण जनरेटरचे डिझेल कुणी मंजूर करायचे? अधीक्षक म्हणतात बांधकाम विभागाचा विद्युत उपविभाग, ते म्हणतात करार आरोग्य विभागाशी झालाय. हे संभाषण दिवसा झाले तर वाद म्हणतात, रात्री झाले तर घटना म्हणतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ते हस्तांतरण नव्हते. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि कक्षात रात्री माणूस, या तिन्हींना एकेक नाव जोडलेले असावे, हे तिथून पुढे कुणाला पटवून द्यावे लागू नये.

कागद भरला की काम संपत नाही. तीन रात्री त्यातला प्रत्येक नंबर खरोखर फिरवून बघा, त्यातली एक रविवारची. पहिल्या खेपेला हमखास सापडणाऱ्या चुका आम्ही आधीच सांगतो : नंबर असतो पण माणसाची बदली झालेली असते, नंबर खासगी असतो आणि रात्री बंद असतो, दोन प्रसंगांना एकच माणूस लिहिलेला असतो आणि तो एकाच वेळी शस्त्रक्रियागृहातही असतो. उपाय असा की फोन माणसाचा नको, ड्यूटीचा हवा. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, भूल, रक्तकेंद्र, वीज-ऑक्सिजन असे सात साधे मोबाईल घ्या. पाळी बदलताना तो फोन हातातून हातात जाईल आणि रजिस्टरवर सही होईल. खर्च कार्यालयातल्या एका सोफ्याइतकाही येत नाही.

आता डॉक्टरांबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘मेडिकल कॉलेज आले म्हणजे डॉक्टर आले’ असे लोकांना वाटते, पुढाऱ्यांना वाटते आणि कधी कधी फायलीलाही वाटते. मोठ्या जुन्या महाविद्यालयांत रात्र कोण चालवते? निवासी डॉक्टर आणि इंटर्न. नव्या महाविद्यालयात सुरुवातीला पदव्युत्तर विद्यार्थी नसतात आणि पहिली इंटर्नची तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर येते. म्हणजे सुरुवातीची चार-साडेचार वर्षे प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक असतील, पण रात्रीचे हात नसतात. त्याच काळात आरोग्य विभागाचे वैद्यकीय अधिकारी मात्र ‘आता तुमची गरज नाही’ म्हणून उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयांत पाठवले जातात. दिवसा बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते डॉक्टरांची. रात्री कॅज्युअल्टीत एकटा कंत्राटी डॉक्टर आणि बाहेर दोन रुग्णवाहिका.

म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कार्यमुक्त करण्याची अट तारखेशी बांधू नका, रोस्टरशी बांधा. सिनियर रेसिडेंट आणि पदव्युत्तर शिक्षण न घेणारे ज्युनियर रेसिडेंट यांच्या नेमणुका झाल्या, ते सलग तीस रात्री रोस्टरप्रमाणे हजर राहिले, हे हजेरीतून दिसले की मग त्या विभागाचे वैद्यकीय अधिकारी सोडा. विभागवार सोडा. भूलतज्ज्ञ सगळ्यात शेवटी, कारण तो गेला की प्रसूती, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता तिन्ही एकदम बसतात. आणि एक साधी गोष्ट : एमबीबीएसचे पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांत जाते, वॉर्डातल्या नियमित पोस्टिंग दुसऱ्या टप्प्यात सुरू होतात. तोवर खाटांभोवती शंभर विद्यार्थी उभे राहणार नाहीत. हे वर्ष वॉर्डांची घडी बसवायला मिळालेले आहे. ते महाविद्यालयाला मान्यता देणाऱ्या आयोगाच्या निरीक्षणाच्या तयारीत जाऊ देऊ नका.

निरीक्षणाबद्दल स्पष्टच लिहितो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या किमान मानकांप्रमाणे १०० जागांसाठी ४२० अध्यापन खाटा लागतात. आकडा गाठण्यासाठी व्हरांड्यात खाटा लावता येतात, पण त्या खाटेला ऑक्सिजनचा पॉइंट, बेलचे बटण, सक्शन आणि सिस्टर लागते. खाटा वाढवण्याच्या प्रत्येक प्रस्तावावर या चार गोष्टींचे चार आकडे लिहिले जावेत आणि ते अधिसेविकांनी (मेट्रननी) भरावेत. अभियंत्यांनी नव्हे.

वॉर्डाच्या कामात जो बदल होतो, तो बाहेरून दिसत नाही. सिव्हिलमध्ये वॉर्ड हा एकक असतो : एक वॉर्ड, एक तज्ज्ञ, सकाळी एक राउंड. महाविद्यालयात युनिट, म्हणजे एका वरिष्ठ डॉक्टरच्या हाताखालचा चमू, हा एकक असतो. सोमवार-गुरुवार युनिट एक, मंगळवार-शुक्रवार युनिट दोन, असे भरतीचे दिवस ठरतात आणि एकाच वॉर्डात तीन युनिटांचे रुग्ण शेजारी शेजारी झोपतात. सकाळी साडेनऊला तीन राउंड एकदम सुरू होतात. पाळीत सिस्टर दोन. एक राउंडबरोबर, दुसरी इंजेक्शनला, उरलेल्या दोन राउंडना कुणीच नाही; त्या राउंडमध्ये तोंडी सांगितलेला डोस केसपेपरवर उतरत नाही. दुपारी नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर बोलले होते की सुई बंद करा’, आणि सुई चालूच असते.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. राउंडच्या वेळा अर्ध्या तासाने पुढे-मागे करा. तोंडी आदेश फक्त आणीबाणीत. एरवी केसपेपरवर लिहिल्याशिवाय सिस्टर तो पाळणार नाही, हे अधिष्ठात्यांच्या सहीने जाहीर करा, नाहीतर नव्या प्राध्यापकाला ‘नाही’ म्हणण्याचे धाडस कोणती अधिपरिचारिका करील? आणि खाटेच्या पाटीवर युनिटचा रंग लावा. लाल, हिरवा, निळा. आणीबाणीत कुणाला बोलवायचे ते दारातून दिसते.

वॉर्डांचे नंबर बदलू नका. हा सल्ला इतका किरकोळ वाटतो की बैठकीत कुणी ऐकत नाही. पण हस्तांतरणानंतर सगळ्यात आधी काय होते तर नवे अधिष्ठाता कार्यालय विभागवार नवी आखणी करते आणि वॉर्ड ७ चा वॉर्ड १२ होतो. प्रयोगशाळेतल्या कक्षसेवकाचे पाय मात्र सातकडेच जातात. रक्तकेंद्राच्या मागणीपत्रावर जुना शिक्का, नमुन्याच्या नळीवर नवा नंबर. तंत्रज्ञ दोन्ही जुळत नाहीत म्हणून नमुना परत पाठवतो. त्याने तसेच करावे, ते बरोबरच आहे. पण प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईच्या बाबतीत तो अर्धा तास फार मोठा असतो. नंबर बदलायचेच असतील तर हस्तांतरणानंतर किमान तीन महिन्यांनी बदला, पुढचे साठ दिवस दारावर दोन्ही नंबर ठेवा आणि बदलाच्या दिवशी टेलिफोनच्या एक्स्टेन्शनच्या चिठ्ठ्या, लिनन, जेवणाची यादी, शवागाराचे रजिस्टर हे सगळे एकाच सकाळी बदलेल अशी यादी करा.

आंतररुग्ण क्रमांकाचे तसेच. नवी मालिका १ पासून सुरू केली की जानेवारीतला १ आणि हस्तांतरणानंतरचा १ असे दोन रुग्ण एकाच वर्षात होतात. नव्या मालिकेपुढे एक अक्षर जोडा आणि जो रुग्ण जुन्या क्रमांकाने भरती झाला, तो त्याच क्रमांकाने घरी जाऊ द्या. मधेच क्रमांक बदललेल्या रुग्णाचे रक्ताचे जुळणीपत्र, एक्स-रे आणि बिल कधीच एकत्र येत नाहीत.

याच सपाट्यात नवे संगणक सॉफ्टवेअर आणण्याचा मोह आवरा. २०२२ मध्ये राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली आधीची संगणकप्रणाली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले, हे विसरायला फार काळ लोटलेला नाही. सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी आणा. आणि तेव्हाही कॅज्युअल्टीत कोरे केसपेपर, मागणीपत्रे आणि कार्बन यांचा तीन दिवस पुरेल इतका गठ्ठा कुलूप न लावता ठेवा.

आता औषधभांडार. आरोग्य विभागाचे ई-औषधीवरचे (औषधसाठ्याच्या संगणकप्रणालीवरचे) खाते संस्थेच्या नावाने असते, मागणी उपसंचालकांमार्फत जाते. वैद्यकीय शिक्षणाची मागणीची साखळी वेगळी. हस्तांतरणाच्या मध्यरात्री जुन्या खात्यात साठा असतो, नव्या खात्यात शून्य. औषधनिर्माण अधिकारी कागदोपत्री ‘निल’ साठ्यातून औषध देऊ शकत नाही, आणि समोर रॅकवर ते दिसत असते. हे टाळायचे तर हस्तांतरणाआधी तीन महिन्यांचा साठा जुन्या साखळीतून भरून घ्या, बॅच क्रमांक आणि मुदतीसह प्रत्यक्ष मोजणी करा, आणि ‘साठा जसाच्या तसा वर्ग’ असा एक आदेश दोन्ही विभागांच्या सहीने आधीच तयार ठेवा. मोजणी शनिवार-रविवारी होते असे गृहीत धरू नका. चारशे-पाचशे बाबी असलेल्या भांडाराला चार माणसे आणि चार दिवस लागतात. सहा महिन्यांच्या आत मुदत संपणारा माल वेगळ्या यादीत काढा, नाहीतर वर्षभराने लेखापरीक्षणात तो नव्या भांडारपालाच्या गळ्यात पडतो. या भीतीनेच तो चार्ज घेत नाही, आणि मग भांडार दोन कुलपांत अडकते.

सगळ्या औषधांवर रोज लक्ष ठेवता येत नाही. पंचवीस निवडा : ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिन, ॲट्रोपिन, पीएएम, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, इन्सुलिन, हेपारिन, फेनिटॉइन, सर्पदंशाची लस, रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, सलाईनचे तीन प्रकार वगैरे. रोज सकाळी आठला यांचा आकडा फळ्यावर. सर्पदंशाच्या लसीच्या बाबतीत ‘शिल्लक आहे’ हा शब्द बंद करा. विषबाधेची लक्षणे असलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल लागतात, पुढे एकूण वीस किंवा त्याहून अधिकही जातात. दहा व्हायल शिल्लक म्हणजे एका रुग्णाची निम्मी सोय. भाताच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्री तीन रुग्ण येतात. शंभर व्हायलच्या खाली आकडा गेला की त्याच दिवशी मागणी, हा नियम दोन्ही विभागांनी मान्य करावा.

परवाने. ‘सरकारकडून सरकारकडे जातेय, परवान्याचे काय’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणते. एक उदाहरण जवळून पाहू. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन देण्यासाठी अमली पदार्थ कायद्याखालच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता असावी लागते आणि त्या औषधाची जबाबदारी नेमून दिलेल्या डॉक्टरवर असते. हे डॉक्टर बहुतेकदा आरोग्य विभागाचे असतात. त्यांची बदली झाली, नवे नाव कळवले गेले नाही, की दोन कुलपांच्या कपाटात गोळ्या असतात आणि सही करणारा नसतो. रुग्ण बोंब मारत नाही. तो घरी जाऊन कण्हतो. म्हणून हा प्रश्न कधी बैठकीत येत नाही.

रक्तकेंद्राचा परवानाही असाच : त्यावर मान्य वैद्यकीय अधिकारी आणि तंत्रज्ञांची नावे असतात. सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी हस्तांतरणीय नाही आणि व्यवस्थापन बदलले तर नव्याने अर्ज करावा, असे नियम सांगतात. आपल्या बाबतीत ते कितपत लागू होते याचे लेखी उत्तर हस्तांतरणाआधी घ्या, कारण मशीन सील झाल्यावर घेतलेले उत्तर गरोदर बाईच्या उपयोगाचे नसते. एक्स-रे आणि सीटीची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र, द्रवरूप ऑक्सिजनची टाकी, लिफ्ट, अग्निशमन दाखला, जन्म-मृत्यू नोंदणीचे लॉगिन. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते. लॉगिन महिनाभर बंद राहिले तर शेकडो आईबापांना विलंब शुल्क आणि परवानगीच्या रांगेत उभे राहावे लागते. या सगळ्यांची एक यादी कार्यालयीन अधीक्षकांनी नव्वद दिवस आधी काढावी : परवाना, नाव कुणाचे, मुदत कधी, बदल कुणाला कळवायचा. त्यांना यासाठी एक लिपिक पूर्णवेळ द्या.

केसपेपरच्या खिडकीबद्दल एक गोष्ट लेखी ठरायला हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना लागू नव्हता. मग काल फुकट एक्स-रे काढलेला म्हातारा आज त्याच खिडकीवर आला तर त्याला पैसे मागायचे की नाही? खिडकीवरच्या लिपिकाला हे सकाळी नऊ वाजता, रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना ठरवायला लावू नका. जुनी सवलत किमान दोन विभागांतला हस्तांतरणाचा करार असेपर्यंत चालू ठेवा आणि तसा कागद काचेवर चिकटवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच आहे : रुग्णालयाचा संकेतांक आणि बँक खाते बदलताना मधले काही दिवस पूर्वपरवानगी थांबते. हाड बसवण्याची शस्त्रक्रिया चार दिवस पुढे जाऊ शकते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणाऱ्याचे पुढे जाऊ शकत नाही. त्यांची यादी वेगळी करून सोय आधी लावा.

माणसांविषयी थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दर वेळी होते. पहिला पगार अडकतो. सेवार्थ या पगाराच्या संगणकप्रणालीत नवा आहरण-संवितरण (पगार काढणारा) अधिकारी उघडलेला नसतो, शेवटचे वेतन प्रमाणपत्र निघालेले नसते, सेवापुस्तके दुसऱ्या इमारतीत असतात. तीन महिने आधी सुरुवात केली तर अडकत नाही. कोणत्या विभागात राहायचे याचा विकल्प कधी द्यायचा, न दिल्यास कुठे पाठवणार, ज्येष्ठता कोणत्या यादीत, गोपनीय अहवाल कोण लिहिणार, रजा कोण मंजूर करणार : या पाच प्रश्नांचे एका पानाचे उत्तर मस्टरशेजारी लावा. ते नसेल तर चहाच्या टपरीवर उत्तर तयार होते आणि चांगल्या सिस्टर आधी बदली मागतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी परिचारिकांना यात कुणी धरत नाही. एसएनसीयू त्यांच्यावर चालते. त्यांचा पगार जिल्हा सोसायटीकडून, काम अधिष्ठात्यांकडे, रजा तिसरीकडे. त्यांना बैठकीला बोलवा.

जिल्हा शल्यचिकित्सकांचे काय उरते, हेही ठरवा. दिव्यांग प्रमाणपत्राचे मंडळ, सरकारी नोकरांच्या वैद्यकीय तपासण्या, कैद्यांची तपासणी, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांवरची देखरेख ही कामे त्यांचीच राहतात आणि त्यांना लागणारे तज्ज्ञ मात्र अधिष्ठात्यांकडे गेलेले असतात. दर बुधवारी दिव्यांग मंडळासाठी अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा आणि मानसोपचार विभागांनी कोण पाठवायचे, हे करारातच लिहा. शवविच्छेदनही तसेच : न्यायवैद्यक विभागात एकच शिक्षक असेल तर तो रात्रंदिवस पुरणार नाही, आणि जुन्या शवविच्छेदनांच्या साक्षींसाठी बदलून गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना न्यायालये बोलावत राहतील. त्यांच्या प्रवासाची आणि कागदपत्रे मिळण्याची सोय ठेवा.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, चेकलिस्ट काढू, सगळे भरून घेऊ. सावध राहा. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी २००८ मध्ये आली. दिल्लीसह जगातल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पुढे ती जवळपास सगळ्या रुग्णालयांना सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये आला, त्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. कागद तोच. पहिल्या ठिकाणी शस्त्रक्रियेआधी चमू थांबून एकमेकांना विचारत होता. दुसरीकडे आदेश आला आणि रकाने भरले गेले असावेत, असा त्यावर अनेकांचा निष्कर्ष होता, आमचाही आहे. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाल्यावर तीनही टप्प्यांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच वेळी केलेल्या दिसतात, हे कुणीही फाईल उघडून पाहावे. आमच्या रात्रीच्या कागदाचेही तेच होऊ शकते. म्हणून तो फोन फिरवून तपासा, सही पाहून नव्हे.

तारीख कधीची? पावसाळा नको : डेंग्यू, सर्पदंश, अतिसार, आणि त्यातच पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या बदल्यांची नवी माणसे. मार्च एंड नको. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी बरा. सोमवार नको, बाह्यरुग्ण विभाग सगळ्यात भरलेला असतो. शनिवार नको, दुसऱ्या दिवशी विचारायला कुणी नसते. मंगळवार किंवा बुधवार, सकाळची पाळी सुरू होताना. मध्यरात्री बारा हा मुहूर्त फक्त शासन निर्णयात शोभतो.

पुढचे साठ दिवस रोज सकाळी साडेआठला वीस मिनिटांची उभ्याने बैठक. अधिष्ठाता किंवा अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सकांचा माणूस, अधिसेविका, भांडारपाल, रक्तकेंद्र. खुर्च्या नकोत, चहा नको. पाच आकडे : कॅज्युअल्टीत आल्यापासून डॉक्टरने हात लावेपर्यंतचा वेळ, रात्री बाहेर पाठवलेले रुग्ण, रक्ताच्या मागणीपासून पिशवी मिळेपर्यंतचा वेळ, पंचवीस औषधांपैकी संपलेली, आणि डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) गेलेले. हे आकडे आधीच्या महिन्याशी नव्हे तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडा. डामाचा आकडा सगळ्यात आधी हलतो. लोकांना वॉर्डात काहीतरी बिनसलेय हे आपल्याआधी कळते.

शेवटची मागणी मान्य करायला कदाचित सगळ्यात अवघड जाईल. मागे फिरण्याची अट आधीच लिहा. सलग तीन रात्री कॅज्युअल्टीत सिनियर रेसिडेंट नसेल, किंवा भूलतज्ज्ञाविना एकही सिझेरियन बाहेर पाठवावे लागले, तर त्या विभागाचे कार्यमुक्त केलेले वैद्यकीय अधिकारी ४८ तासांत परत बोलावले जातील, असा आदेश दोन्ही सचिवांच्या सहीने हस्तांतरणाआधीच काढा. त्यात नावे घाला. त्यावर तारखेची जागा कोरी ठेवा. एक प्रत अधिष्ठात्यांच्या टेबलावर, एक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि एक कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरच्या खणात, ड्यूटीच्या सात फोनांच्या चार्जरशेजारी.

आपले,
जिल्हा रुग्णालयांचे वॉर्ड, औषधभांडार आणि कार्यालय सांभाळणारे काही जण